मधल्या सहा ओळी

बारावीला पारनेरला असताना आमचे फिजिक्सचे सर इलेक्ट्रॉनच्या वाटेच्या भानगडीत कधी पडायचे नाहीत. फळ्यावर दोन पट्ट्या काढायच्या, एकीवर इलेक्ट्रॉन ठेवायचा आणि म्हणायचं, "ह्यो सरळ गेला का वाकडा, आपल्याला काय करायचंय? सुटला कुठून, पोचला कुठं, तेवढं बघा. स्थितिज ऊर्जा जेवढी घटली, तेवढीच गतिज वाढली. निघाला वेग."

वह्याही ते तशाच तपासतात, अशी आमची खात्री होती: पहिली ओळ, शेवटची ओळ, टिक. म्हणून दोनशे व्होल्टच्या गणिताची पहिली ओळ मी लिहिली, उत्तर मैत्रिणीचं उतरवलं आणि मधल्या सहा ओळींत शेंगोळ्यांची कृती भरली. हुलग्याचं पीठ, तिखट, जिरं, मीठ. वळून उकळत्या पाण्यात सोडणे. दहापैकी दहा पडले. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग सरांनी वह्या पुन्हा गोळा केल्या आणि वर्गात सांगितलं की सोमवारी तपासणीला माणसं येणार आहेत, त्यांना नमुना म्हणून माझी वही दाखवायची. माझी पाचावर धारण बसली. प्रॅक्टिकलचे गुण सरांच्याच हातात होते. शनिवारी मी स्टाफरूममध्ये गेले.

"सर, त्या वहीत मधे जरा चूक हाय."

"जरा न्हाई, लई हाय." सरांनी मोबाईल काढला. त्यात माझ्या पानाचा फोटो होता. "रविवारी करून बघितले. घरात कुणी तोंडात धरले न्हाईत. लसूण कुठंय?"

"विसरले, सर."

"मग जे सुरुवातीला घातलंच न्हाई, ते शेवटाला कुठून निघंल? बस हितं. नव्या पानावर गणित लिही."

मी मान खाली घालून लिहायला बसले. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण, त्यामुळे चिन्हापाशी मी दोनदा अडखळले. अर्ध्या तासानं माझा स्वतःचा वेग निघाला, आणि खरं सांगते, बरं वाटलं. जुनं पान सरांनी फाडून खिशात घातलं. तेव्हा मला धीर आला.

"सर, तुम्ही वाचलं होतं, तर दहा कसे दिले?"

"ते शेंगोळ्यांचे. चाखायच्या आधीचे."

नवं पान त्यांनी ओळन् ओळ वाचलं. कुठंच चूक नव्हती. खाली लिहिलं, सात.

"तीन लसणाचे गेले," सर म्हणाले.