वडगावची जमीन दर अमावस्येला वर येते

लोक लग्नाच्या वाढदिवसाला महाबळेश्वरला जातात. आम्ही बेळगावच्या वडगावला गेलो, खचणारी जमीन बघायला. माझी बायको मुक्ता उपग्रहांच्या मदतीने जमिनीची उंची मिलिमीटरमध्ये मोजते. तिच्या मते याहून रोमँटिक काही नसतं.

वडगावात तिचे काका, अण्णा, साड्यांचे यंत्रमाग चालवतात. शेड आणि तिला लागून घर, दोन्ही एका बुजवलेल्या विहिरीवर. भिंतींना तडे गेलेत. काकूंना नातवंडांना घेऊन हिंडलग्याला भाड्याच्या घरात जायचं होतं, पण अण्णांची अट अशी की उपग्रहाने सांगितलं तरच हलेन. म्हणून मुक्ताने अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यावर अँटेना बसवली. पुढचे काही महिने उपग्रह कळवत राहिला की जमीन जागच्या जागी आहे, अधूनमधून तर उडी मारून वर येते. अण्णा खूश. मुक्ताला मात्र यंत्र बिघडल्याचा संशय, म्हणून हा प्रवास.

पुण्याहून पहाटे निघालात तर निपाणीत नाश्ता होतो. हायवेचं काम चालू आहे, म्हणजे ते कायमच चालू असतं. वळसे गृहीत धरा. टोलच्या पैशांत गोवा झाला असता, असं मी एकदाच म्हणालो. तेही संकेश्वर मागे पडल्यावर, हळू आवाजात.

"या जावई! बघा, कसं ताठ उभं हाय तुमचं यंत्र," अण्णांनी स्वागत केलं.

मुक्ता वाकली. ठोकळ्याखाली लाकडी पाचरी होत्या.

"अण्णा, हे काय?"

"खाली बसतंय की गं ते. आमावस्येला माग बंद असत्यात, तवा मागाखाली पाचरा मारून लेव्हल करतो. माग तिरका ऱ्हायला की सूत तुटतंय. त्यातच ह्येचंबी करून टाकलं."

म्हणजे इतके महिने आकाशातले उपग्रह अण्णांच्या पाचरी मोजत होते. मी पोट धरून हसलो. काकू हसल्या नाहीत.

मुक्ताने तिथेच लॅपटॉप उघडून अमावस्येच्या सगळ्या उड्या काढून टाकल्या. उरलेली रेघ सरळ खाली चालली होती, शेवटी शेवटी तर घाईने.

"मग वर येत न्हाय व्हय?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय, अण्णा," मुक्ता म्हणाली.

काकू आत गेल्या आणि अंथरुणं बांधू लागल्या.

आमचं स्थलदर्शन काकूंच्या सामानाच्या टेम्पोतून झालं. हिंडलग्याचा रस्ता चांगला आहे, मी तो मांडीवर पिंप घेऊन बघितला. बेळगावची मिठाई, कुंदा, तेवढा घ्यायचा राहिला.

घरी परतल्यावर काही दिवसांनी, एका सकाळी मुक्ताच्या स्क्रीनवरची रेघ मधेच संपली. तिने फोन लावला. मागची भिंत आणि नातवंडं झोपायची ती खोली अंगणासकट पहाटे खाली गेली होती. माणसं हिंडलग्यात होती, सगळी.

पलीकडून अण्णा कसनुशा आवाजात म्हणाले, "मुक्ता, तुझं यंत्र गेलं गं. आमच्याच्यानं सांभाळणं झालं न्हाय."