मामांचा ‘बा’

एका अक्षरापायी उरलेलं सगळं आयुष्य खर्ची घालणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याच्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगितल्या असत्या आणि हसून मोकळा झालो असतो. पूर्वी तसं करतही असे. आता सांगायला लागलो की मध्येच गप्प होतो. त्याचं कारण लिहून टाकावं म्हणूनच हे लिहितो आहे. एरवी मी लिहिणाऱ्यांतला नाही, पूर्व भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारा साधा मास्तर आहे.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. गाव मंद्रूपकडचं. घरात मराठी, शिवारात कानडी. हयात एसटीच्या कंडक्टरकीत गेली, तीही बहुतेक अक्कलकोटच्या बाजूला. त्याच नोकरीत त्यांना हे अक्षर लागलं. हो, लागलं, जसं एखाद्याला देव लागतो किंवा तंबाखू लागते. एकदा म्हणे गाडीच्या पायरीवर उभी राहिलेली एक बाई खाली रेंगाळणाऱ्या आपल्या लेकीला कानडीत ‘बा, बा’ म्हणून बोलावत होती, म्हणजे ये, ये. आणि त्याच वेळी मागच्या बाकावर एक पोरगी रसवंतीवर गेलेल्या बापासाठी ‘बा, बा’ करून रडत होती. मामा मध्ये उभे. दोन्हीकडून एकच अक्षर अंगावर आलं आणि ते घंटी मारायचीच विसरले. ड्रायव्हरनं वळून विचारलं, “काय झालं, झोपलास व्हय?” मामा म्हणाले, “न्हाय रे. हे अक्षर लई फिरलेलं दिसतंय.” त्या दिवसापासून ते स्वतः त्याच्यामागे फिरायला लागले.

निवृत्तीनंतर तिकिटांची पेटी गेली, पण चामड्याची पिशवी खांद्यावरून उतरली नाही. तीत आता एक जाड वही, एक शाईचं पेन, एक पेन्सिल आणि जुना तिकिटं टोचायचा चिमटा असतो. समोरचा माणूस फार लांबण लावायला लागला की मामा चिमटा खाटेच्या गजावर दोनदा वाजवतात. डबल बेल. गाडी पुढं घ्या. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या याद्या करताना आमच्या थोरल्या काकांना ही डबल बेल चार वेळा मिळाली होती आणि काकांनी ती शेवटपर्यंत मनात ठेवली. वहीचा कायदा तर कोर्टापेक्षा कडक. ज्याच्या घरात ती भाषा बोलली जाते त्याच्या तोंडून, मामांनी स्वतःच्या कानानं ऐकलेला अर्थ शाईनं लिहायचा, खाली त्या माणसाचं नाव. दुसऱ्यानं ऐकून सांगितलेला अर्थ पेन्सिलनं. मग तो मूळ माणूस शोधायचा, त्याच्या तोंडून ऐकायचं आणि पेन्सिलीवर शाई फिरवायची. छापील काही चालत नाही. माझ्या मुलानं एकदा फोनवर बघून सांगितलं, “आजोबा, चिनी भाषेत ‘बा’ म्हणजे आठ.” मामांनी विचारलं, “चीनचा मानूस हाय का त्या फोनात?” मुलगा म्हणाला, “माणूस कसा असेल? लिहिलंय इथं.” मामा म्हणाले, “लिवलेल्यावर काय भरवसा? कागद लाजतोय व्हय कुटं?”

अशा अटीवर त्यांनी जे मिळवलं ते मात्र पक्कं होतं. कापडाच्या दुकानातल्या गुजराती म्हातारीनं ‘बा एटले मा’, म्हणजे बा म्हणजे आई, असं सांगितलं तेव्हा आनंदाच्या भरात त्यांनी नको असलेले दोन परकर विकत घेतले, आणि घरी विधुर माणसानं परकर का आणले याचा खुलासा सुनेला करता करता त्यांची पुरेवाट झाली. सराफाकडे काम करणारा एक बंगाली कारागीर त्यांना म्हणाला की त्यांच्याकडे ‘बा’ म्हणजे किंवा. त्यानंतर महिनाभर बहिणीच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला “चा बा कापी?” असंच विचारलं जाई. एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे तर ते तीन शुक्रवार जाऊन बसले. मास्तर म्हणाले, “हमारे में ‘बा’ माने ‘के साथ’. पन ये अकेला नहीं रहता कंडक्टर साब, किसी का हाथ पकडकेच चलता.” अर्धा शब्द वहीत घ्यायचा की नाही यावर मामा आठ दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी घेतला. मला म्हणाले, “पाव्हणं, जो दुसऱ्याचा हात धरून चालतोय त्याला गाडीतनं उतरवायचं कसं?” इस्पितळात त्यांना इंजेक्शन द्यायला आलेली केरळची नर्स ‘वा’ म्हणजे ये, असं सांगत होती, तिला त्यांनी दंड पुढे करून सांगितलं, “ते वा झालं की, सिस्टर. वेगळी गाडी हाय ती.”

राहिली होती ती तेलुगू. आणि हेच त्यांना खुपत होतं. चीन दूर आहे, त्याचं काही नाही. पण तेलुगू रस्ता ओलांडला की सुरू होते. पूर्व भागात मामांना तेलुगू विणकरांच्या घरांत मेहुण्याला म्हणतात तो बाव मिळाला, छान या अर्थाचा बागा मिळाला, पण पुढचं काही न जोडलेला, एकटा बा कुणी देईना. माझी शाळा त्याच भागात असल्यामुळे तेलुगूचं खातं त्यांनी माझ्याकडे सोपवलं होतं. “तुमच्या वर्गात निम्मी पोरं त्यांचीच की. जरा कान ठेवा.” मी मान हलवली आणि कान मुळीच ठेवला नाही. प्रत्येक भेटीत ते विचारत, मी ‘अजून नाही’ म्हणे, ते ‘असू द्या की’ म्हणत. असं दोन वर्षं चाललं.

मग त्यांचा डावा कान गेला. डॉक्टरांनी सांगितलं की उजवाही त्याच वाटेवर आहे, फार तर वर्षभर चालेल, यंत्रानं थोडी मदत होईल, फार नाही. बहीण रडली. मामा म्हणाले, “रडतीस कशाला, टाइम सांगितलाय डॉक्टरनं. एसटीत तेवढं बी सांगत न्हाईत.” पण त्यानंतर ते घाईत दिसू लागले. ऐकायचं राहिलेलं ऐकून घ्यायचं होतं, आणि त्यात तेलुगूचा ‘बा’ सगळ्यांत वर होता.

त्या संक्रांतीला ते आमच्याकडे आले. आमच्यात लेक दिलेल्या घरचा माणूस रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. टॉवेल-टोपी, नारळ, काहीतरी हातावर ठेवायचंच. नाहीतर पोरीला सासरी मान खाली घालावी लागते, असं माझी आई सांगायची, आणि ते माझ्या हाडांत मुरलेलं आहे. मामा मात्र टॉवेल-टोपीला हात लावत नसत. “सोलापुरात टॉवेल देताय व्हय? ठेवा ठेवा. मला एक शब्द द्या, झालं.” त्या दिवशी बायको ताट घेऊन उभी होती, मामांनी ताट बाजूला सारलं, उजव्या कानामागे हात धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आज जर मी पुन्हा ‘अजून नाही’ म्हटलं तर हा म्हातारा माणूस खरोखरच रिकाम्या हातानं जाईल. मी म्हणालो, “मिळाला, मामा. एका म्हाताऱ्या विणकरानं सांगितलं. त्यांच्यात मागावर धागा तुटला की शेजारच्याला ‘बा’ म्हणतात. म्हणजे थांब.”

हे कुठून आलं मला ठाऊक नाही. म्हातारा नव्हता, धागा नव्हता, काहीच नव्हतं. मामांचा चेहरा मात्र असा उजळला की माझ्या बायकोनंही ताट खाली ठेवून कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. “रस्त्याच्या ह्या अंगाला ये, आन त्या अंगाला थांब,” मामा पुटपुटले. “वा रं अक्षरा.” पेन्सिल काढून त्यांनी माझ्याच टेबलावर लिहून घेतलं. मग विचारलं, “म्हाताऱ्याचं नाव?” मी म्हणालो, नाव नाही विचारलं, शाळेच्या मागच्या गल्लीत भेटले होते.

पेन्सिलीवर शाई फिरवायची म्हणजे म्हातारा शोधायला हवा. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, ऊन चढत गेलं, आणि मामा रोज सकाळी पिशवी अडकवून आमच्या शाळेमागच्या गल्ल्यांत. एकेका टॉवेलच्या कारखान्याच्या दारात उभे राहायचे. आत माग असे धडधडतात की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही. त्या आवाजात ते उरलेला कान पुढे करून तासन् तास उभे. मधल्या सुट्टीत मला ते खिडकीतून दिसत. मी खिडकीपासून दूर जाऊन उभा राही. एका कारखान्याचा मालक माझ्या ओळखीचा होता. तो एकदा मला म्हणाला, “सर, तुमचे ते मामा रोज येतेत. मी किती सांगितलं, मागावर हाक कोण मारतंय? ऐकायलाच येत नाही की. हात वर करायचा, बस. तर म्हणतेत, आमच्या पाव्हण्यानं स्वता ऐकलंय, तुमचं चुकत आसंल.” मी त्याला काय बोललो आठवत नाही. बहुधा हसलो असेन.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी ठरवलंही. पण वार्षिक परीक्षा होत्या, मग पेपर तपासायचे होते, मग लग्नसराई होती. पापाला सवड मिळते, कबुलीला मिळत नाही. वैशाखात एक दिवस बहिणीचा फोन आला की मामा गल्लीत चक्कर येऊन बसले होते, कामगारांनी पाणी मारून घरी आणून सोडलं. मी गेलो. ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, पिशवी मांडीवर. मला पाहून म्हणाले, “दोन गल्ल्या राह्यल्यात फक्त.”

बहीण आत भाकऱ्या थापत होती. तिला कळू नये म्हणून मी त्यांच्याजवळ सरकून हळू म्हणालो, “मामा, तो म्हातारा नाही. मी खोटं बोललो.” त्यांनी कानामागे हात धरला. “काय म्हनलासा?” मी जरा मोठ्यानं म्हणालो. त्यांनी मान हलवली. “न्हाय कळत, पाव्हणं. चार रोज झालं, ह्या बी कानाचं दार लागलंय. मोठ्यानं बोला की.” मग मी मोठ्यानं बोललो, मग ओरडलो. आयुष्यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट मी पूर्ण आवाजात तीनदा सांगितली, आणि ती ज्याला सांगायची होती तो सोडून सगळ्यांनी ऐकली. भाकरीचा आवाज थांबला. समोरच्या गॅलरीत वाळवण घालणारी बाई वाकून बघायला लागली. बहीण पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली, जशी ती लहानपणी मी तिची पाटी फोडल्यावरही पाहत नसे.

शेवटी मी त्यांची वही घेतली, त्यांचीच पेन्सिल घेतली आणि त्या नोंदीखाली लिहिलं: हे मी मनानं रचलं. असा कुणी म्हातारा नाही.

मामांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता चिमटा वाजेल, आणि वाजावा असंही वाटलं. पण त्यांनी वहीवरून हात फिरवला. मग स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्या आवाजात म्हणाले, “रिकामं पाटवायचं हुतं की, पाव्हणं. आमी काय परकं हाय?”

बहिणीनं त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. त्यांचा कान माझ्यामुळे गेला नाही, तो जाणारच होता, असं डॉक्टर म्हणाले आणि बायकोही म्हणते. खरं असेल. पण ऐकू येत होतं ते शेवटचे चार महिने त्यांनी नातवंडांच्या बडबडीत, देवळातल्या भजनात, कुठंही घालवले असते. मी त्यांना मागांच्या खडखडाटात नेऊन उभं केलं, हे कुठल्या डॉक्टरला विचारायचं?

शाळेला सुट्टी लागल्यावर मी एक पाटी घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि तीवर लिहिलं की राहिलेल्या दोन गल्ल्या आपण करू, मी ऐकून लिहून देईन. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. पायात चपला घातल्या. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन जातो. प्रश्न तेच विचारतात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं, आणि लोक दारात येऊन आधी हसतात, मग वही बघून आठवायला लागतात. उत्तर मी ऐकतो आणि पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरतो.

गेल्या रविवारी एका पत्र्याच्या घरापुढे एक म्हातारी विड्या वळत बसली होती. मामांनी विचारलं. तिनं सुपातली पानं सारखी केली, विचार केला, स्वतःशीच दोन-तीन वेळा ते अक्षर म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “लेदु, अय्या. आमच्यात आसला शब्दच नाही.” मी पाटीवर लिहिलं: नाही म्हणतात. मामांनी पाटी वाचली. मग माझ्याकडे न बघता ते गुडघ्यावर हात टेकून तिच्यासमोर वाकले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिनं हातातली विडी खाली ठेवली, आणि लहान मुलाला समजावावं तशी हळूहळू, दोनदा, नाही म्हणून मान हलवली. मामांनीही मान हलवली. मी पाटी पुसून उभा राहिलो.