कॉम्प्युटर ओळख देत नाही!

आमच्या साकोलीच्या सेवा केंद्रात किस्से जमवावे लागत नाहीत. वायर खोचली की एक निघतोच! माणसं दोन, मी आणि फॉर्म भरणाऱ्या सुनंदाताई. कॉम्प्युटर जुना. चालू असताना त्याला काहीही जोडलं की आधी चौकशी करतो: तू कोण, कुठल्या कंपनीचा? पटलं तर ‘टुंग’ वाजवतो, नाही तर ओळखच देत नाही.

एकदा नवा प्रिंटर लावला. मी ओरडलो, “ताई, ड्रायव्हर सापडत नाही!”

बसस्टँड समोरच. रांगेतले एक काका म्हणाले, “भंडारा गाडीचा ना? कॅन्टीनमंधी पाहा, आत्ताच चहा पिऊन राहिला होता!”

अंगठ्याचं यंत्र एकदा डाव्या भोकातून काढून उजव्यात लावलं. स्क्रीनवर लगेच, ‘नवीन डिव्हाइस सापडले.’ ताई भडकल्या. “कालपासून इथंच तर आहे! उद्या मी खुर्ची बदलली तर मले बी आधार कार्ड मांगते काय हा?”

मच्छीमार संस्थेचे सचिव पेनड्राइव्ह सरळ ओढून काढायचे. मी बजावलं, “विचारल्याशिवाय काढायचा नाही.” म्हणजे माऊसनं क्लिक करून, हे सांगायचं राहिलं. ते वाकून सीपीयूला म्हणाले, “साहेब, काढू का?” उत्तर येईना. बिचारे तासभर बसून होते. शेवटी त्यांच्या पाठीमागून ताई जाड आवाजात म्हणाल्या, “काढ!” सचिवांनी जाताना सीपीयूला नमस्कार केला.

पण सखूआजींचं ऐका. हयातीच्या दाखल्याचा शेवटचा दिवस. अंगठा उमटला नाही, तर धडधाकट आजी कागदोपत्री खलास आणि पेन्शन बंद! त्यापायीच आधी दोनदा परत गेलेल्या. मला खरंच वाईट वाटत होतं. आणि नेमकं त्याच दिवशी कॉम्प्युटर यंत्राला ओळखेना. काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. ढिम्म!

“काय म्हणते ते?” आजींनी विचारलं.

“कॉम्प्युटर त्याला नाव विचारतो, आजी. ते सांगत नाही. नाव सांगितल्याशिवाय हा आत घेत नाही.”

आजींनी कपाळावर हात मारला. “अरे, नव्या नवरीले दारात अडवून नाव घ्याले लावता, आन् सारे डोळे वटारून पाहून राह्यले! कशी घेणार बिचारी? फिरा तिकडं!”

अख्खी रांग भिंतीकडे वळली. ताईही. मीसुद्धा, काय करणार!

टुंग!

मी वळणार, तोच आजी कडाडल्या, “अजून फिरू नोका! मले बी अंगठा द्याचा आहे!”