बेकरीवाल्या काकांचं बसणं

बंदरामागच्या जुन्या वस्तीत उंच खिडक्यांची घरं आहेत. गोऱ्या साहेबांनी ती बांधली आणि जाताना ते खुर्च्या इथंच ठेवून गेले. या खुर्च्यांची बैठक वेताची. साहेब असतानाच एकदा वेत तुटला होता आणि विणणारं कोणी सापडेना. तेव्हा टोपल्या करणाऱ्या एका माणसानं ती खुर्ची घरी नेली, तिचं विणकाम पट्टी-पट्टीनं उसवलं आणि उलट्या क्रमानं पुन्हा विणलं. महिना लागला त्याला. पण विद्या घरात आली ती कायमची.

त्याच्या पणतवाच्या घरात वेतवाल्या वहिनी सून होऊन आल्या. सासरे विणायचे आणि वहिनी वेत भिजवायच्या. त्या घरी सुनेनं वेत भिजवायचा, विणायचा नाही. बाईच्या हाताला ताण नसतो, असं सासऱ्यांचं म्हणणं. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि विहिरीतून भरलेली घागर एका हातानं ओढून काढायच्या.

पुढं सासऱ्यांची नजर मंदावली. शेवटच्या तिरक्या पट्ट्या खालून घ्यायच्या तिथं ते वरून घेऊ लागले. दुपारी त्यांचा डोळा लागला की वहिनी तेवढ्या पट्ट्या उसवून नीट करायच्या, घट्ट गाठ मारायच्या आणि सासऱ्यांचा विणायचा टोचा होता तसा ठेवायच्या. उठल्यावर सासरे बैठकीवरून बोटं फिरवायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. दोन वर्षं हे चाललं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

एके दिवशी वाचनालयाच्या बाईंनी निरोप धाडला. बारा खुर्च्या विणायच्या आहेत, महिन्यात होत नसतील तर प्लास्टिकची दोरी लावून घेऊ.  संध्याकाळी सासरे म्हणाले, एक खुर्ची सूनबाई विणेल. रीतीप्रमाणे परीक्षा होईल. उतरली तर बाराही तिच्या, नाहीतर लागू दे दोरी.

रीत अशी, की नव्या विणकराची पहिली खुर्ची वाळली की गल्लीतल्या सगळ्यात वजनदार माणसानं तिच्यावर बसायचं. बैठक खचली नाही, तर खिडकीजवळची उजेडाची जागा त्या विणकराची. हा मान बेकरीवाल्या काकांचा. काकांना दारातून आत यायचं तर आधी तिरकं व्हावं लागे.

बारांतली एक खुर्ची सासऱ्यांनी स्वतः निवडली, चौकट हातानं चाचपून. वहिनींनी चार दिवस विणली. चौकटीच्या भोकांत खुंट्या ठोकून ताण धरला, तिरक्या पट्ट्या घेताना जेवायलाही उठल्या नाहीत. मग दोन दिवस सावलीत वाळवली.

परीक्षेला अख्खी गल्ली जमली. सुतार म्हणाला, काकांनी आज उपाशी यायला हवं होतं, सुनेवर दया म्हणून. काका म्हणाले, मी मुद्दाम दोनदा जेवून आलोय, उद्या कोणी नाव ठेवायला नको. वहिनींचे हात पदरात होते. सगळ्यांच्या बोलण्यावर त्या हसत होत्या, पण नजर बैठकीवरून हलत नव्हती.

काका सावकाश टेकले. बैठक हूं की चूं करेना. काकांनी पाय पसरले, अंग सैल सोडलं आणि कडाड आवाज झाला. काका जमिनीवर, खुर्ची त्यांच्याखाली.

 वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. चौघांनी काकांना उठवलं. सासरे गुडघ्यावर बसले आणि खुर्ची चाचपू लागले. मागचा एक पाय वाळवीनं आतून पोकळ केलेला, तोच मोडला होता. ज्यांनी खुर्ची निवडली त्यांना तो दिसलाच नव्हता. सासऱ्यांनी बैठकीवर टिचकी मारली. ती जराही खचली नव्हती, ढोलकीसारखी वाजली. त्यांनी पुन्हा मारली, कान लावून ऐकली. मग बोटं तिरक्या पट्ट्यांवरून फिरली आणि एका जागी थांबली. तिथली घट्ट गाठ त्यांच्या ओळखीची होती. गेली दोन वर्षं ती त्यांच्या स्वतःच्या खुर्च्यांना लागत होती.

"दुपारी मी झोपलो की तूच का गं?" त्यांनी विचारलं.

"हो, मामंजी."

म्हातारा हसायला लागला. इतका हसला की चष्मा नाकावरून घसरला. "आणि मी समजत होतो, वयानं माझा हात सुधारतोय!"

गल्ली हसून लोटपोट झाली. काका पाठ चोळत म्हणाले, अजून अकरा आहेत ना, मग त्यांचे पाय आधी सुतारानं बघावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेतवाल्या वहिनी खिडकीजवळ बसल्या. वेत भिजवायला सासरे होते.