पिलावळ पांगेपर्यंत

आमच्या मालकाला नाद एकच, गळाचा. दारू न्हाई, पत्ते न्हाई. मी म्हणायची, त्यापेक्षा पत्ते तरी खेळा, चार माणसांत बसाल! तर हसायचे आन् गांडुळं उकरायला न्हाणीमागं जायचे.

त्यात गंमत अशी की आमच्या घरात माळ. सासऱ्यापासून वशाट बंद. म्हंजी आमचे मालक शेषेराव जन्मभर तळ्यावर बसले, पण मासा कधी जिभेला लावला न्हाई. धरलेला मासा एकतर परत पाण्यात जायचा, न्हाईतर ग्यानबा भावजीच्या पिशवीत. ग्यानबा म्हंजी बुद्धवाड्यातले ज्ञानोबा, ह्यांचे शाळेपासूनचे जोडीदार. "शेषू, तू धर, मी खातो," म्हणायचे. दोघं पाळूवर, तळ्याच्या बांधावर बसले की इकडं गाव जळालं तरी खबर लागायची न्हाई. खरं सांगते, लई राग यायचा मला त्या काठीचा.

दिवाळी झाली आन् मालकाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तवा तोंडातून दोनच शब्द निघायचे, 'न्हाई' आन् 'चल'. चल म्हंजी तळ्यावर चल, हे मला कुणी सांगायला लागत न्हवतं. घास भरवला की चल. अंग पुसलं की चल. डावा हात तेवढा हालायचा. त्या हातानं एकदा गळाला लागलेली मरळ ओढायची, एवढंच त्यांच्या जिवात राहिलं होतं.

उन्हाळा लागला तसे भावजी रोज सकाळी तळ्यावरून यायचे आन् बाजेजवळ बसून पाण्याची हालहवाल सांगायचे. "पाणी पाळू सोडून लांब गेलं, शेषू. कडंला नुस्त्या चिलापी लागून राहिल्या, तळहाताएवढ्या. मरळ मधल्या डोहात हाय. उद्या नेऊ का तुला?"

मालक डोळ्यांनी हसले. मी म्हणलं, न्या एकदाचं, माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल. ऑटो सांगितला, प्लॅस्टिकची खुर्ची धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी भावजी आले ते तोंड पाडून. डोहावर पिलावळ दिसली म्हणले. तांबड्या पिलांचा घोळका वर आलाय, खाली मायबाप राखण करून राहिलेत.

आता हा कायदा ह्यांचाच. पिलं संगं असली की मरळ धरायची न्हाई. चुकून भावजीच्या गळाला लागलीच, तर मालक पाळूवरून वरडायचे, "सोड!" माय गेली की चिलापी पिलं गिळते, म्हणायचे. साऱ्या तळ्यावर हे पाळणारे दोघंच.

"पाणी काही आपल्यासाठी थांबायचं न्हाई," भावजी काकुळतीला आले. "ह्या बारीला जाऊ दे की, शेषू."

मालकानं मान हलवली. "न्हाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. अवो, जग तळं ओरबाडून राहिलंय, आन् तुम्ही एका माशाच्या बाळंतपणासाठी थांबता? तरी न्हाई म्हंजी न्हाईच.

थांबलो मग. भावजी यायचे, सांगायचे, पिलं मोठी झाली, काळपट पडली, पण अजून संगंच हायत. डोह मात्र रोज आटत चालला होता. शेवटी शेवटी तर मीच भाकरी थापता थापता विचारायची, "भावजी, पांगली का वो?"

एका सकाळी ते हसतच दारात आले. "वैनी, पांगली! उद्या निघायचं."

त्याच दुपारी कुणीतरी डोहाला इंजिन लावलं. ऊस वाळून चालला होता म्हणे. राहिलेलं पाणी उसाला गेलं आन् चिखलात तडफडणारे मासे लोकांनी टोपल्यांनी वेचून नेले. आम्हाला पत्ताच न्हाई. सकाळी ऑटोतून उतरलो तर समोर नुस्ता चिखल आन् त्यात बगळे.

मी म्हणलं, ऑटो वळवा. तर मालक म्हणले, "चल."

खुर्ची पाळूवर ठेवली. भावजींनी त्यांच्या डाव्या हातात काठी दिली, दोरीचं टोक घेतलं आन् गुडघाभर चिखलात उतरले. मला वाटलं, मन राखायला गळ टाकून येतील. पण ते पाठ करून उभे राहिले आन् दोरीला झटका दिला. आधी हळू, मग जोरात, मरळ ओढते तसा. काठी वाकली. साठी उलटलेला माणूस जोडीदारासाठी चिखलात मासा झाला होता वो.

मालकाला सगळं दिसत होतं, डोळे काही गेले न्हवते त्यांचे. काठी घट्ट धरून बघत राहिले. मग इतक्या महिन्यांत कधी न निघालेला शब्द तोंडातून निघाला.

"सोड."

भावजींनी दोरी सोडली आन् तिथंच उभे राहून लेकरासारखे रडले. मालक रडले न्हाईत.

आता पाऊस येईल तवा येईल. तळं भरलं तरी त्यात मरळ कुठून यायची? भावजी अजून रोज सकाळी येतात, पण सांगायला काही न्हाई, चहा पिऊन जातात. मालकाला एकच शब्द राहिला. जेवता का? न्हाई. बाहेर बसता का? न्हाई. ज्या काठीवर जन्मभर चिडले तीच मी बाजेला टेकून ठेवते, त्यांचा डावा हात तिच्यावर ठेवते आन् म्हणते, अवो, एकदा तरी चल म्हणा की.