अळणी लोखंड

कमळाकर घरतला लोखंडाची चव कळते. ही गोष्ट त्याच्या बायोडेटात नाही, कारण तो ज्याने टाइप केला त्याला ती छापण्यासारखी वाटली नाही. घराणं करंजाड्याकडचं, मिठागरावरचं. वडील काशिराम पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत आणि मीठ कधी धरेल ते सांगत. पुढे मिठागरं गेली, तिथे परदेशी बागांच्या नावांच्या इमारती आल्या. जीभ तेवढी वारशाने मुलाकडे राहिली. तिचा सातबारा नसल्यामुळे ती कोणी संपादित केली नाही.

कमळाकर गंजलेल्या पाइपांना पट्टी बांधतो. गंज उडवून पाइप पांढरा करायचा, खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायचे, मग काचतंतूचं कापड रेझिनमध्ये भिजवून आठ थर ताणून गुंडाळायचे. रात्रीत ते दगडासारखं होतं. मग आत पाणी भरून रोजच्या दीडपट दाब द्यायचा आणि तासभर काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर पाइप जगला.

खाडीकाठच्या एका कारखान्यात आग विझवायच्या पाण्याची लाइन अशीच झिजली होती. तिथले मेंटेनन्सचे परेशसाहेब वेल्डिंगच्या पिढीचे. "कापडाने लोखंड सांधायचं? मग शिंपीच बोलावतो की!" अकरा महिने कमळाकर त्यांच्या मागे होता. शेवटी साहेबांनी एक पाइप दिला आणि एकच संधी. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत टेस्ट पास झाली तर सगळ्या लाइनला पट्टी. नाही तर पाइप भंगारात, आणि कमळाकरने पुन्हा गेटवर दिसायचं नाही.

गुरुवारी सकाळी वाळूच्या माऱ्याने पाइप घासून झाला. नव्या भांड्यासारखा चमकला. लगेच पट्टी चढायला हवी होती, पण तेवढ्यात भोंगा झाला. सुरक्षा सप्ताह होता. सगळ्यांनी काम थांबवून मैदानात शपथ घ्यायची होती. शपथ दोन मिनिटांची, तिच्या आधीची भाषणं दोन तासांची. तोवर उघडा पाइप खाडीच्या वाऱ्यात पडून राहिला.

परत आल्यावर कमळाकरने बाटलीतल्या गोड्या पाण्याने बोट ओलं केलं, पाइपवर फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट हाय."

तपासणी करणारी पूर्वी नावाची इंजिनियर दचकली. "काका, हे काय चाटताय? केमिकल प्लँट आहे हा!"

"पाण्याची लाइन हाय मॅडम. तुमचं मीठ मोजायचं किट लावा मग."

"किट मागवलं होतं. स्टोअरने साबण पाठवला."

परेशसाहेब आले, त्यांनी पाइप बघितला. "चकचकीत तर आहे. गुंडाळा."

"साहेब, मिठावर पट्टी चिकटते, पण धरत नाय. उद्या टेस्ट पास होईल, मग वर्षभरात आतून सुटंल. आग लागंल तवा पाणी भलतीकडंच जाईल."

"आणि उद्याचे तीन वाजून गेले तर?"

"तर पाइप कापा. पण खाऱ्या लोखंडावर माझी पट्टी चढायची नाय."

साहेब घड्याळाकडे बघत गेले. पंधरा वर्षांपासूनचा जोडीदार शिवा म्हणाला, "वा रे शहाण्या! अकरा महिने त्याच्या मागं लागलास, आन् आता तूच त्याच्या हातात करवत देतोस." हे बोलत तो पाण्याचा होज उलगडत होता.

पाइप गोड्या पाण्याने धुतला, वाळवला, खाडीच्या बाजूने ताडपत्री बांधली, पुन्हा घासला. कमळाकरने पुन्हा बोट लावलं. या वेळी काहीच लागलं नाही. मग मात्र दोघं कामाला भिडले आणि दिवे लागायच्या वेळी आठवा थर बसला.

शुक्रवारी पूर्वीने पट्टीचा कडकपणा मोजला. तिचा आकडा आणि कमळाकरचं नख यांचं एकमत झालं. एक वाजता काटा दीडपट दाबाच्या खुणेवर, पंधरावर नेला. बाविसाव्या मिनिटाला तो साडेचौदावर आला.

परेशसाहेबांनी चेहरा दुःखी केला. त्यात दुःख फारसं नव्हतं. "बघा, शेवटी कापड ते कापड."

कमळाकरने पट्टीवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद दाबला. कागद कोरडाच निघाला. मग तो पट्टीकडे पाठ करून लाइनच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे साहेबांचाच जुना व्हॉल्व्ह दांड्यापाशी थेंब थेंब गळत होता.

"बरं, आवळा आणि पुढे चालू ठेवा," साहेब म्हणाले. उरलेली अडतीस मिनिटं भरली तरी तास पूर्ण धरायला ते तयार होते.

"नाय साहेब. काटा हलला तो तास बाद. दाब उतरवतो, आवळतो, पुन्हा पयल्यापासून."

शिवाने कपाळाला हात लावला. दाब उतरवून, आवळून, पुन्हा चढवेपर्यंत दोनला पाच कमी होते. तो तास सगळे उभ्याने बघत राहिले. साहेबांचा डबा टेबलावर गार झाला. तीनला पाच कमी असताना तास भरला. काटा पंधरावरच होता.

"बरं," परेशसाहेब म्हणाले. वेल्डिंगच्या पिढीत याला टाळ्यांचा कडकडाट म्हणतात.

सोमवारी पुढच्या पाइपच्या फॉर्मवर नवा रकाना आला: मिठाची तपासणी. किट अजून आलं नव्हतं. पूर्वीने पेन धरून कमळाकरकडे बघितलं. कमळाकरने पाण्याची बाटली साहेबांपुढे केली.

"आज तुमीच बघा."

सुरक्षा अधिकारी आसपास नाही याची खात्री करून परेशसाहेबांनी बोट ओलं केलं, पाइपवर फिरवलं, तोंडात घातलं आणि बराच वेळ विचार केला.

"अळणी," ते म्हणाले. पूर्वीने तसंच लिहून घेतलं.