अव्वासाठी केलेला कोरियन भात

२००४ च्या आसपासची गोष्ट. कोरियाहून कोल्हापूरला परत येऊन मला आठवडा झाला होता, आणि अव्वा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. अव्वा म्हणजे माझी आई... आमच्या सीमेकडच्या लिंगायत घरांत आईला असंच म्हणतात.

मी कागलच्या एमआयडीसीत नोकरीला होतो. कंपनीनं नवीन मशीन घेतलं आणि ते शिकायला मला पाच महिने तिकडं पाठवलं. आमचं घर पक्कं शाकाहारी... अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही.

आल्यापासून अव्वा मला वाढायची, पण माझ्याबरोबर जेवायला बसायची नाही. मी तिकडं काय काय खाल्लं असेल, हे तिच्या मनातून जात नव्हतं. शेवटी माझी बायको सुनंदा म्हणाली की तुम्ही खात होता ते एकदा करूनच दाखवा.

म्हणून रविवारी मी स्वयंपाकघरात शिरलो... लग्नानंतर पहिल्यांदाच. पदार्थाचं नाव बिबिमबाप. नाव ऐकून सुनंदा हसली, अव्वा हसली नाही. मी सांगितलं की त्यांच्या भाषेत बाप म्हणजे भात, आणि बिबिम म्हणजे कालवलेला.

तिकडचा भात चिकट असतो, म्हणून घनसाळ तांदूळ घेऊन नेहमीपेक्षा मऊ शिजवला. पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळला, गाजराचे लांब काप तेलावर परतले, काकडीला मीठ लावून पाणी काढलं. ते लोक सोयाबीनचे मोड घालतात, मी मुगाचे घेतले.

त्यांची ती तिखट-गोड लाल पेस्ट इथं मिळणं शक्यच नव्हतं. मग घरची कांदा-लसूण चटणी, गूळ आणि तिळाचं तेल एकत्र कालवलं... रंग तरी बरोबर आला.

लोखंडी कढईत तेल सोडून भात पसरला आणि खाली खरपुडी धरू दिली. वर एकेक भाजी कडेकडेनं गोल मांडली.

अव्वा दारात उभी राहून सगळं बघत होती. तिनं विचारलं, "मधी जागा का सोडलीस?"

मी बघितलं... खरंच सोडली होती. तिकडं खोलीवर रोज करायचो, त्यामुळं हातालाच सवय झाली होती. चटणीसाठी सोडलीय म्हणून सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"तिथं अंडं घालतात," मी म्हणालो. "मीपण घालत होतो."

मग बाकीचंही सांगून टाकलं. पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये हाच भात घेतला, खाली खिमा आहे हे अर्धा संपल्यावर कळलं. त्यानंतर खोलीवर स्वतः करायला लागलो, पण अंडं सुटलं नाही. ड्युटीवरून आल्यावर नुसत्या भाजीभातानं भागत नव्हतं, आणि बाहेर बर्फ...

सुनंदानं गॅस बंद केला. मला वाटलं, आता हा भातही कुणी खाणार नाही.

अव्वा आत येऊन पाटावर बसली. "थंडी लई हुती व्हय?"

मी हो म्हणालो.

"मग पोट भरत हुतं का न्हाय तुझं?"

पहिले दोन महिने नव्हतं भरत... तसंच सांगितलं. घरी फोन केला की मात्र सगळं मजेत आहे म्हणायचो, हेही सांगितलं.

तिनं ताट ओढून घेतलं आणि वाढ म्हणाली. सगळं एकत्र कालवायचं असतं हे दाखवल्यावर हातानं नीट कालवलं, दोन घास खाल्ले, आणि गूळ जास्त झालाय म्हणाली. आम्ही तिघं एकत्र जेवलो. कढईच्या तळाची खरपुडी तिनं उलथन्यानं सोडवली आणि सगळी माझ्याच ताटात टाकली.

मी तिकडं काय खाल्लं, एवढीच अव्वाला काळजी आहे असं मी धरून चाललो होतो. ती होतीच... पण तिच्याखाली दुसरी, मोठी काळजी होती, मी तिकडं उपाशी तर राहिलो नाही ना ही, आणि ते विचारायचा धीर तिलाही होत नव्हता. त्या दिवशी खोटं बोललो असतो तर ती काळजी मला कधी कळलीच नसती.